कोल्हापूर–तिरुपती: ६५६ किलोमीटर आणि दारापासून दारापर्यंतचा वेळ

कोल्हापूरहून तिरुपती किती लांब, याला तीन उत्तरं आहेत आणि तिन्ही खरी आहेत. बेंगळुरूवरून गाडीनं गेलात तर आठशे किलोमीटरच्या बरंच पुढे. हरिप्रिया एक्सप्रेसनं गेलात तर नऊशेच्या वर, कारण ती मिरज, बेळगाव, हुबळी, गदग, बळ्ळारी, गुंतकल, कडपा असं फिरून रेणिगुंट्याला पोचते. आणि विमानानं साधारण ६५६ किलोमीटर.

आमच्याकडे हा प्रश्न नेमकेपणानं सोडवायला लागला तो मावशीमुळे. मावशीला मधुमेह आहे, जेवणाआधी इन्सुलिन घ्यावं लागतं आणि गुडघ्यांमुळे हरिप्रियाचा वीसेक तासांचा प्रवास तिला झेपत नाही. तिच्या डॉक्टरांनी एकच विचारलं, "घरातून निघाल्यापासून मुक्कामाला पोचेपर्यंत एकूण किती तास? मधलं जेवण कुठं होणार?" तिकिटावर लिहिलेली वेळ या प्रश्नाचं उत्तर देत नाही. मी शाळेत भूगोल शिकवते. म्हटलं, हे आपणच बसून काढू.

कोल्हापूरच्या माणसाला तिरुपतीची ओढ का, हे इथल्यांना सांगायला नको. लक्ष्मी रुसून करवीरला आली आणि व्यंकटेश तिकडे डोंगरावर राहिला ही कथा आमच्याकडे लहानपणीच कानावर पडते. नवरात्रात तिरुमला देवस्थानाकडून अंबाबाईला शालू येतो. तिरुपतीला गेलेल्या माणसानं अंबाबाईचं दर्शन घेतल्याशिवाय यात्रा पुरी होत नाही असं मानणारे आंध्र-तेलंगणातले भाविक महाद्वार रोडवर रोज भेटतात. त्यामुळे २०१९ मध्ये छोटी गावं विमानानं जोडण्याच्या सरकारच्या 'उडान' योजनेतून ही दोन गावं थेट विमानानं जोडली गेली तेव्हा इथं जो आनंद झाला त्याला व्यापाराइतकंच श्रद्धेचंही कारण होतं. उजळाईवाडीचा विमानतळ छत्रपती राजाराम महाराजांच्या काळातला, १९३९ सालचा. पण मधली कितीतरी वर्षं तिथून नियमित प्रवासी विमान उडत नव्हतं. आमच्या पिढीनं विमानतळ पाहिला तो रस्त्यावरून, कुंपणाबाहेरून.

आता अंतर. ते मी आकडेमोड करून काढलं, कारण ते शाळेतल्या गणितानं निघतं. कोल्हापूरचा विमानतळ साधारण १६.६७ उत्तर अक्षांश आणि ७४.२९ पूर्व रेखांशावर आहे, तिरुपतीचा १३.६३ उत्तर आणि ७९.५४ पूर्वेवर. अक्षांशाचा फरक तीन अंशांच्या किंचित वर. एक अंश म्हणजे ६० नॉटिकल मैल, कारण नॉटिकल मैलाची व्याख्याच मुळात अक्षांशाच्या एका मिनिटावरून आली आहे. म्हणजे दक्षिणेकडे सुमारे १८२ नॉटिकल मैल. रेखांशाचा फरक सव्वापाच अंश, पण रेखांश ध्रुवांकडे जाताना जवळजवळ येत जातात, म्हणून त्याला मधल्या अक्षांशाच्या कोसाइननं गुणायचं. १५.१५ अंशांना तो ०.९६५ येतो. पूर्वेकडे झाले सुमारे ३०४ नॉटिकल मैल. आता पायथागोरस: दोन बाजूंचे वर्ग, बेरीज, वर्गमूळ. आलं ३५४. त्याला १.८५२ नं गुणलं की ६५६ किलोमीटर.

नववीच्या मुलांना मी हे उदाहरण फळ्यावर करून दाखवलं. एवढ्या छोट्या अंतराला पृथ्वीचा गोलावा सपाट धरला तरी चूक एखाद्या किलोमीटरची. मुलांचा पुढचा प्रश्न ठरलेला होता: मग विमान एवढंच अंतर कापतं का? कापत नाही. विमान धावपट्टीच्या दिशेनं उडतं आणि धावपट्टीच्याच दिशेनं उतरतं, गावाच्या दिशेनं नव्हे. कोल्हापूरच्या धावपट्टीच्या एका टोकाला ०७ आणि दुसऱ्या टोकाला २५ लिहिलेलं आहे. हे होकायंत्राचे अंश, शेवटचं शून्य काढून. तिरुपतीची दिशा इथून सुमारे १२१ अंश, म्हणजे जवळपास आग्नेय. हिवाळ्यात वारा पूर्वेकडून असला तर विमान ०७ वरून पूर्वेला उडतं आणि थोडं उजवीकडे वळलं की झालं. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, मग ते २५ वरून पश्चिमेला उडणार आणि वळसा घेऊन उलट्या दिशेला लागणार. वर गेल्यावरही हवाई मार्गांचे ठरलेले बिंदू असतात, त्यांना धरून जावं लागतं. सगळं मिळून वीस-तीस किलोमीटरची भर सहज पडते.

या मार्गावर मी पाहिलेलं विमान एटीआर ७२, पंख्याचं. ते ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपास जातं, जेट आठशेच्या पुढे. ओळखीतले लोक यावरून नाक मुरडतात. मला ते पटत नाही. ६५६ किलोमीटरच्या प्रवासात जेट पूर्ण उंची गाठतं ना गाठतं तोच उतरायला लागतं, त्यामुळे वाचतील फारतर वीस-पंचवीस मिनिटं. उलट अशा अंतराला पंख्याचं विमान जेटपेक्षा बरंच कमी इंधन खातं आणि आखूड धावपट्टीवर उतरतं. कोल्हापूर, जळगाव, नांदेडसारख्या गावांना विमान मिळालं ते याच विमानाच्या जोरावर. 'उडान'मध्येही अंतराला महत्त्व आहे: सुरुवातीला सुमारे पाचशे किलोमीटरच्या, तासाभराच्या प्रवासासाठी ठरावीक आसनांचं भाडं २,५०० रुपयांवर रोखलं होतं, आणि अंतराच्या टप्प्यांनुसार पुढची मर्यादा बदलत गेली.

तिकिटावर वेळ होती दुपारी १२.५० ते २.३०. एक तास चाळीस मिनिटं. हा आकडा हवेतल्या वेळेचा नसतो. विमान उभ्या जागेवरून हललं की घड्याळ सुरू, आणि पलीकडे आपल्या जागेवर थांबलं की बंद. कंपन्या त्यात थोडी जास्तीची मिनिटंही धरतात, म्हणजे वारा किंवा गर्दी आडवी आली तरी वेळेवर पोचता येतं.

जानेवारीत आम्ही तिघी निघालो: आई, मावशी आणि मी. राजारामपुरीतून १०.५० ला रिक्षा सुटली आणि सव्वाअकराला आम्ही दारात होतो. काउंटर उड्डाणाच्या तासभर आधी बंद होतो, हे लक्षात ठेवायचं. मार्च २०२४ मध्ये सुरू झालेलं नवं टर्मिनल प्रशस्त आहे, पण चालायला फार नाही, आणि वयस्कर माणसाच्या दृष्टीनं ही फार मोठी गोष्ट आहे. मुंबईत दारापासून गेटपर्यंत मावशीचे पाय भरून आले असते. इथं सामान देऊन, तपासणी होऊन, खुर्चीवर टेकेपर्यंत पावणेबारा वाजले. चाकाची खुर्ची तिकीट काढतानाच सांगून ठेवली होती, ती मिळाली.

इन्सुलिनबद्दल एक सांगते, कारण बरेच जण विचारतात. पेन, सुया आणि ग्लुकोज आम्ही हातातल्या पिशवीत ठेवलं, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. चेक-इनच्या सामानात इन्सुलिन कधीही टाकू नये. ते गोठण्याचा धोका असतो, आणि बॅग मागे राहिली तर औषधही मागे राहतं. तपासणीला चिठ्ठी पाहिली आणि सोडलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, "जेवण हातात आल्याशिवाय इंजेक्शन घ्यायचं नाही." म्हणून विमानातल्या खाण्यावर भिस्त न ठेवता घरून डबा नेला होता: दोन चपात्या, मुगाची उसळ, दही. बारा वाजता डबा उघडला, मावशीनं तिथंच इंजेक्शन घेतलं आणि जेवली. हे जेवण टर्मिनलमध्ये उरकायचं हा निर्णय सगळ्या आकडेमोडीतून निघालेला होता. एकदा विमानात बसलो की पुढचे दोन तास वेळ आमच्या हातात नव्हती.

विमानापर्यंत चालत जायचं. एटीआरचं दार मागे असतं आणि दाराच्याच आतल्या बाजूला पायऱ्या असतात, मोजक्या. मावशी कठड्याला धरून, एका पायरीवर दोन्ही पाय टेकवत चढली. आई मागून म्हणत होती, "सावकाश गं, कुणी पळत न्हाई." आई-मावशी डावीकडे, मी उजवीकडे खिडकीला. पंख वर असल्यामुळे खाली बघायला काही आडवं येत नाही. माझ्या बाजूचं इंजिन चालू होतं पण पंखा स्थिर. हा एटीआरचा खास प्रकार आहे. मोठ्या विमानांच्या शेपटीत जमिनीवर वीज आणि थंड हवा देणारं वेगळं छोटं इंजिन असतं, ते याला नाही. म्हणून उजव्या पंख्याला ब्रेक लावून नुसतं इंजिन फिरवत ठेवतात. मग ब्रेक सुटला, सहा पाती आधी वेगवेगळी दिसली, मग त्यांची एकच करडी चकती झाली.

१२.४७ ला विमान हललं. रांग नव्हती, पुढे-मागे दुसरं विमान नव्हतं. १२.५५ ला चाकं उचलली. मोठ्या विमानतळावर याच कामाला वीस-पंचवीस मिनिटं जाताना मी पाहिली आहेत. छोट्या विमानतळाची खरी कमाई इथं आहे, जमिनीवर.

वैमानिकानं सांगितलं की आपण एकोणीस हजार फुटांवर जाणार. ही संख्या विषम असण्याला कारण आहे. पूर्वेकडे जाणारी विमानं विषम हजारांवर उडतात, पश्चिमेकडे जाणारी सम हजारांवर, म्हणजे समोरासमोर येणाऱ्या दोन विमानांत उंचीचं अंतर राहतं. मी हे आईला सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजे येताना अठरा न्हाईतर वीस." मला फार बरं वाटलं. आई सातवी शिकलेली आहे.

वर चढायला अठरा-वीस मिनिटं गेली. तेवढ्यात हिडकलच्या धरणाचं पाणी मागे पडलं, मग मलप्रभेचं. उसाचा हिरवा रंग कमी होत गेला आणि काळी रानं सुरू झाली. दीड वाजून गेल्यावर उजव्या हाताला पाण्याचा केवढा तरी मोठा पसारा आला, काठाला तांबूस उघडी जमीन, आणि पलीकडे दगडगोट्यांच्या टेकड्या. तुंगभद्रेचं धरण. होसपेट, हंपीचा मुलूख. माझ्या कागदावरच्या सरळ रेषेवर हंपी अगदी लगत येत होती, आणि अंतराचा साधारण चाळीस टक्के भाग इथं संपत होता. उडाल्यापासून पस्तीसेक मिनिटं झाली होती. कागदावर काढलेलं अंतर खिडकीतून असं जुळलं तेव्हा मी वहीत वेळ लिहिली आणि पुढच्या पाच मिनिटांत त्या पाण्यावरून नजर काढली नाही.

पुढे रायलसीमा. खडकाळ, कोरड्या नद्यांची. पावणेदोननंतर थोड्या वेळानं इंजिनाचा आवाज बदलला, कानात दडे बसू लागले. जेवढा वेळ चढायला तेवढाच उतरायला, म्हणून ताशी पाचशेचा वेग सगळ्या प्रवासाला लावून चालत नाही. ताशी पाचशे म्हणजे साधारण २७५ नॉट्स, तासाला तेवढे नॉटिकल मैल; ३५४ भागिले २७५ केलं तर ७७ मिनिटं येतात. आम्हाला हवेत ८१ लागली. पाठीशी थोडा वारा होता, नाहीतर आणखी तीन-चार जास्त लागली असती.

उतरताना डोंगर डावीकडे आले, शेषाचलमची रांग, माथ्यावर सपाट आणि कड्यांना तुटलेली. मावशीनं हात जोडले. हवाई सुंदरीनं पट्टा तपासायला सांगितलं तरी तिचे हात तसेच होते, शेवटी आईनं तिचा पट्टा ओढून पाहिला. २.१६ ला चाकं टेकली, २.२१ ला विमान उभं राहिलं. तिकिटापेक्षा नऊ मिनिटं आधी.

प्रवास इथं संपत नाही. विमानतळ रेणिगुंट्याजवळ आहे, तिरुपती शहर तिथून पंधराएक किलोमीटर, आणि देव आणखी वर, तिरुमलेवर. सामान घेऊन टॅक्सीत बसेपर्यंत पावणेतीन. अलिपिरीच्या तपासणी नाक्यावर सगळ्या बॅगा यंत्रातून काढायच्या, तिथं रांग. मग घाट. चढायला एक रस्ता आणि उतरायला दुसरा. घाटात वेगावर लक्ष असतं: खालच्या नाक्यावर वेळ नोंदवतात आणि ठरलेल्या मिनिटांपेक्षा लवकर वर पोचलात तर दंड होतो. मला ही पद्धत आवडली. खोलीचं कुलूप उघडलं तेव्हा ४.४० झाले होते. मावशीला चहा आणि दोन बिस्किटं दिली, साखर तपासली, ठीक होती.

म्हणजे घरापासून खोलीपर्यंत ५ तास ५० मिनिटं. त्यात हवेतली ८१ मिनिटं, चौथ्या हिश्श्याहूनही कमी. उरलेला सगळा वेळ रिक्षा, रांगा, सामान, नाका आणि घाटाचा. डॉक्टरांना हवं होतं ते उत्तर हे.

दुसरा पर्याय मी कागदावर ताडून पाहिला होता. कोल्हापूर ते पुणे रस्त्यानं चार-पाच तास, पुणे–चेन्नई जेट, मग चेन्नईहून तिरुपती रस्त्यानं तीन तास. पुणे–चेन्नई हवाई अंतर सुमारे ९१३ किलोमीटर, तरी तिकिटावरची वेळ आमच्या विमानाइतकीच, एक तास चाळीसच्या आसपास. जेटचा वेग तिथं दिसतो. पण आमच्यासारख्यांना त्याचा उपयोग शून्य, कारण दोन्ही टोकांना मिळून सात-आठ तास मोटारीत जातात. थेट विमान ज्या दिवशी नसतं त्या दिवशी कोल्हापूरकराला हाच फेरा पडतो, किंवा बेंगळुरू-हैदराबादला विमान बदलावं लागतं. म्हणून छोट्या गावांमधली थेट विमानं टिकली पाहिजेत असं मला फार मनापासून वाटतं. ती आठवड्यातून काही दिवसच असतात आणि हंगामानुसार वेळापत्रकं बदलतात, हे खरं दुखणं आहे.

दर्शन तीनशे रुपयांच्या ऑनलाइन तिकिटावर झालं. त्यासाठी दिवस आणि वेळ आधी ठरतात, तेव्हा आधी दर्शनाची तारीख घ्यावी आणि मग विमानाची. उलट केलं तर विमान आहे आणि दर्शन नाही अशी पाळी येते.

येताना विमान पन्नास मिनिटं उशिरा आलं. ही छोटी विमानं दिवसभरात पाच-सहा गावं करतात, मध्ये अर्धा-अर्धा तासच उभी राहतात. सकाळी कुठं धुक्यानं खोळंबा झाला की तो उशीर संध्याकाळपर्यंत एकेका गावावरून पुढे सरकत येतो. आम्ही दहीभाताचा डबा बरोबर घेतला होता, तो टर्मिनलमध्ये उघडला, मावशीचं इंजेक्शन वेळेवर झालं आणि पन्नास मिनिटांचा काही त्रास झाला नाही. परतीला वारा समोरून. हवेत ८८ मिनिटं लागली. उंची अठरा हजार फूट सांगितल्यावर आईनं माझ्याकडे बघितलं.

शाळेतले एक सर आता त्यांच्या वडिलांना नेणार आहेत. त्यांना मी कागद करून दिला आहे: घर ते खोली सहा तास धरा, उशीर होईल म्हणून आणखी दोन तास राखून ठेवा, पोचल्याच्या दिवशी दर्शनाची वेळ घेऊ नका, औषध आणि एक जेवण हातात ठेवा. जाताना आधी डावीकडचं आसन वडिलांना द्या, आणि उजवी खिडकी मिळाली तर उडाल्यापासून अर्ध्या तासानं तुंगभद्रा बघा.